पडद्याला जुनी साखर आठवते

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली की जे इंजेक्शन देतात, त्यात औषध असतं अवघं ०.०५ मिलिलीटर. एक थेंब. आधी भुलीचे थेंब टाकतात, पापण्या चिमट्याने उघड्या धरतात, डोळ्यावर तपकिरी आयोडीनचं द्रावण सोडतात. मग बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून, जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची सुई आत जाते. पेशंटला थोडा दाब जाणवतो. काहींना औषध डोळ्यातल्या पारदर्शक गरात पसरताना धुरकट वळसे दिसतात. सुई आत-बाहेर व्हायला काही सेकंद पुरतात.

महिन्याने ओसीटी काढतात. हा पडद्याचा आडवा छेद, पण प्रत्यक्ष न कापता, नुसत्या प्रकाशाने घेतलेला. बॉस्टनमध्ये डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे तंत्र जगापुढे मांडलं, आणि आज तालुक्याच्या गावीही 'ओसीटी करून या' असं सहज सांगितलं जातं. त्या चित्रात एखाद्या पेशंटचा फुगलेला पडदा पार सपाट झालेला दिसतो. दुसऱ्याचा तसाच फुगलेला, आत पाण्याच्या काळ्या पोकळ्या जिथल्या तिथे. औषध तेच, मात्रा तीच, कधी कधी डॉक्टरही तेच. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात यापैकीच रॅनिबिझुमॅब या औषधाची पहिली तीन इंजेक्शनं झाल्यावर, १२ आठवड्यांनी नजर मोजली. सुमारे ४० टक्के डोळ्यांत सुधारणा पाच अक्षरांहून कमी होती. पाच अक्षरं म्हणजे तक्त्यावरची एक ओळ.

हा फरक कुठून येतो, हे शोधत गेलं की आपण सिरिंजपासून लांब लांब जात राहतो. औषध डोळ्यात पोचण्याआधी किती काळ गेला, त्या काळात रक्तातली साखर कशी होती, आणि पुढच्या तारखांना पेशंट येतो का, यावर निकालाचा मोठा भाग ठरतो. मला यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मधली वाटते, पण तिथे जायच्या आधी त्या पडद्याकडे जरा जवळून पाहायला हवं.

पडदा सुमारे पाव मिलिमीटर जाड. शरीरात वजनाच्या मानाने सर्वांत जास्त प्राणवायू लागणाऱ्या ऊतींमध्ये त्याची गणना होते. त्याच्या केशवाहिन्यांना बाहेरून बिलगून पेरिसाइट नावाच्या पेशी असतात, आणि पडद्यात त्यांची संख्या वाहिनीच्या अस्तराच्या पेशींइतकीच, जवळजवळ एकास एक असते. शरीरात इतरत्र एवढा दाट पहारा क्वचितच सापडतो. मधुमेहात सर्वांत आधी बळी जातात त्या याच पेशी. बॉस्टनमध्ये डेव्हिड कोगन, तूसाँ आणि तोइचिरो कुवाबारा यांनी १९६१ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांची पद्धत फार देखणी होती. मृत्यूनंतर दान झालेल्या डोळ्यांचा पडदा ट्रिप्सिन या पाचकद्रव्यात ठेवायचा. चेतापेशी विरघळून जातात आणि रक्तवाहिन्यांचं नाजूक जाळं तेवढं मागे उरतं. मधुमेही डोळ्यांच्या त्या जाळ्यावर त्यांना पेरिसाइटच्या रिकाम्या खोबणी दिसल्या. पेशी गेलेली, तिची जागा मात्र शाबूत.

पेरिसाइट गेल्या की वाहिनीची भिंत फुगते, पाझरते, आणि पुढे काही वाहिन्या बंदच पडतात. प्राणवायूविना राहिलेला पडदा मग रसायनांची हाक देतो: नव्या वाहिन्या पाठवा. अशी काही हाक असणार, हा अंदाज आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने १९४८ मध्येच बांधला होता. ते रसायन हाती लागायला चाळीसेक वर्षं गेली. १९८९ मध्ये नपोलिओने फेरारा यांनी ते वेगळं केलं, त्याला व्हीईजीएफ हे नाव मिळालं, आणि १९९४ मध्ये मधुमेही पेशंटांच्या डोळ्यांतल्या द्रवात ते भरपूर असल्याचं सिद्ध झालं. त्या ०.०५ मिलिलीटरमधलं औषध याच रसायनाला पकडून निकामी करतं.

पण हाक देणारं रसायन हे एकटंच नाही. सूज जुनी होत जाते तसा दाहाचा वाटा वाढतो, असं मानायला पुष्कळ आधार आहे. अशा डोळ्यांना स्टिरॉइडची बारीक कांडी आत सोडल्यावर उतार पडतो, मग भले मोतीबिंदू लवकर येवो आणि डोळ्याच्या दाबावर लक्ष ठेवावं लागो. २०२२ पासून वापरात आलेलं फॅरिसिमॅब व्हीईजीएफसोबत दुसऱ्याही एका रसायनाला अडवतं. म्हणजे काही डोळ्यांत 'औषध लागू पडलं नाही' याचा अर्थ इतकाच असतो की त्या डोळ्यातली हाक वेगळ्या रसायनाची आहे.

आता काळ. रॅनिबिझुमॅबच्या दोन जोड-चाचण्यांत पेशंटांच्या एका गटाला पहिली दोन वर्षं नुसती इंजेक्शनची बतावणी केली, औषध दिलं नाही. दोन वर्षांनी औषधाचा फायदा स्पष्ट झाल्यावर त्यांनाही तेच इंजेक्शन दर महिन्याला सुरू केलं. सूज छान उतरली. नजर मात्र म्हणावी तशी परतली नाही. पहिल्यापासून औषध मिळालेले लोक तिसऱ्या वर्षाअखेर सरासरी १० ते १४ अक्षरं पुढे होते, तर उशिरा सुरुवात केलेले पाचाच्याही आत. दोन वर्षं पाण्यात बुडून राहिलेल्या पडद्यातल्या पेशींच्या जोडण्या तुटलेल्या असतात, आणि औषध पाणी काढतं, जोडण्या जुळवत नाही. ओसीटीत हे डोळ्यांनी दिसतं. निरोगी पडद्याचे थर एकावर एक स्पष्ट रेषांत असतात. फार काळ सुजलेल्या पडद्यात आतल्या थरांच्या सीमा पुसट होऊन एकमेकांत मिसळतात, आणि प्रकाशग्राही पेशींजवळची चमकदार रेघ ठिकठिकाणी तुटलेली असते. अनुभवी डॉक्टर सुजेच्या आकड्याआधी ही रेघ बघतात. नजर किती येईल याचा अंदाज बराचसा तिथेच मिळतो. मधोमध असलेल्या केशवाहिन्याच बंद पडल्या असतील, तर सूज शून्यावर आली तरी वाचता येईलच असं नाही.

इथे आकड्यांची एक गफलत होते ती सांगितली पाहिजे. ज्यांची नजर सुरुवातीला जास्त खालावलेली, ते उपचारानंतर जास्त अक्षरं 'कमावतात'. ऐकायला वाटतं, त्यांना फायदा जास्त झाला. पण ते शेवटी जिथे पोचतात ती पायरी, लवकर आलेल्यांच्या पायरीपेक्षा खालचीच असते. कमाई आणि शेवटी हाती उरलेली नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेशंटला दुसरीशी मतलब असतो.

सुरुवातीच्या नजरेवर औषधाची निवडही ठरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन तुलनेत अफ्लिबर्सेप्ट, रॅनिबिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही तीन औषधं ६६० पेशंटांवर पडताळली. नजर ६/१२ किंवा त्याहून बरी असताना तिघांचा निकाल वर्षअखेर सारखाच होता, साधारण आठ अक्षरांची सुधारणा. नजर त्याहून खाली असेल तर अफ्लिबर्सेप्ट पुढे: जवळपास १९ अक्षरं, रॅनिबिझुमॅब १४, बेव्हासिझुमॅब १२. दुसऱ्या वर्षाअखेर अफ्लिबर्सेप्ट आणि रॅनिबिझुमॅब यांच्यातलं अंतर बरंच मिटलं. मूळचं कर्करोगाचं असलेलं बेव्हासिझुमॅब यांत कितीतरी स्वस्त, म्हणून लवकर तपासणी झालेल्या माणसाला ही बातमी दुहेरी सुखाची आहे: नजरही शाबूत आणि स्वस्त औषधावरही भागतं. सूज मध्यभागी असूनही नजर जवळपास पूर्ण असेल, तर इंजेक्शन न देता नीट लक्ष ठेवून थांबलं तरी दोन वर्षांनी तोटा होत नाही, हेही पुढे सिद्ध झालं आहे.

आणि आता ती मधली गोष्ट.

१९८३ मध्ये अमेरिका आणि कॅनडात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ पेशंटांवर एक अभ्यास सुरू झाला, डीसीसीटी. निम्म्यांनी दिवसातून अनेकदा साखर तपासून, तीन-चार वेळा इन्सुलिन घेऊन किंवा पंप लावून साखर काटेकोर ठेवायची. निम्म्यांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दिवसाला एक-दोन इंजेक्शनं घ्यायची. काटेकोर गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सुमारे ७ राहिली. दुसऱ्यांची सुमारे ९. १९९३ मध्ये निकाल आला: ज्यांचा पडदा सुरुवातीला निर्दोष होता, त्यांच्यात आजार सुरू होण्याचा धोका काटेकोर गटात ७६ टक्क्यांनी कमी. इथवर अपेक्षेप्रमाणेच.

अभ्यास संपला. सगळ्यांनाच काटेकोर पद्धत शिकवली, सगळे आपापल्या डॉक्टरांकडे गेले. हळूहळू दोन्ही गटांची साखर सारखी झाली, साधारण ८. म्हणजे आता दोघांत काही फरक उरायचं कारण नव्हतं. संशोधकांनी त्यांच्यावर नजर ठेवली, आणि चार वर्षांनी पाहिलं तर पूर्वीच्या काटेकोर गटात पडद्याचा आजार वाढण्याचा धोका तरीही सुमारे तीन-चतुर्थांशांनी कमी होता. साखर सारखी, पण डोळे वेगवेगळ्या वाटेने चाललेले. दहा वर्षांहून जास्त काळ हा फरक पुरता पुसला गेला नाही. सरासरी साडेसहा वर्षांची शिस्त, आणि तिचं फळ शिस्त सुटल्यावरही वर्षानुवर्षं हाती येतंय.

याची उलटी बाजू त्याआधीच, १९८७ मध्ये, एंगरमन आणि कर्न या दोघांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगात पाहिली होती. मधुमेही कुत्र्यांची साखर अडीच वर्षं वाढलेली राहू दिली आणि मग अडीच वर्षं उत्तम सांभाळली. साखर सुधारली त्या वेळी पडदे जवळपास ठीक होते. तरीही पुढच्या चांगल्या अडीच वर्षांत आजार उगवलाच. जणू आधीच्या काळात काही पेरलं गेलं होतं.

याला चयापचयाची स्मृती म्हणतात. ती कुठे साठते याचे काही धागे हाती आहेत. वाढलेली साखर वाहिन्यांच्या भिंतीतल्या दीर्घायुषी प्रथिनांना चिकटते आणि तिथे वर्षानुवर्षं राहते. पेशीच्या केंद्रकात डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर रासायनिक खुणा उमटतात आणि साखर उतरल्यावरही काही जनुकं चालूच राहतात. आपल्याच पेशी आपल्या खाण्यापिण्याचा, औषधांचा इतिहास अशा खुणांत लिहून ठेवतात, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच थबकलो होतो.

पण नवल इथेच संपत नाही. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या पेशंटांत साखरेबरोबर रक्तदाबाचीही परीक्षा घेतली. १९९८ चा निकाल असा होता: सरासरी रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ ठेवला, तर पडद्याचा आजार बळावण्याचा धोका ३४ टक्क्यांनी आणि नजर तीन ओळींनी घसरण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी होतो. फक्त १० अंकांचा फरक! अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांचे रक्तदाब सारखे झाले, तशीच साखरही. दहा वर्षांनी, २००८ मध्ये हिशेब केला, तेव्हा साखर सांभाळल्याचा लाभ टिकून होता. रक्तदाबाचा लाभ मात्र विरून गेला होता. एकाच शरीरात साखरेला स्मृती आहे आणि दाबाला नाही. म्हणून बीपीची गोळी 'आता नॉर्मल आहे' म्हणून सोडून देणाऱ्या माणसाची जुनी पुण्याई डोळ्याच्या कामी येत नाही. ती गोळी फक्त आजच्या दिवसाचं रक्षण करते.

या सगळ्यात एक वळण घाबरवणारं आहे. फार दिवस वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली, तर पहिल्या काही महिन्यांत पडद्याचा आजार उलट वाढू शकतो. डीसीसीटीतही हे दिसलं, आणि सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाच्या २०१६ च्या चाचणीतही. पुढच्या वर्षांत खालच्या साखरेचा फायदा या तोट्याला मागे टाकतो, म्हणून साखर वाढलेलीच बरी असा अर्थ कुणी काढू नये. पण मोठा बदल करण्याआधी डोळ्यांत थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, आणि इन्सुलिन सुरू करणारे डॉक्टर व डोळ्यांचे डॉक्टर यांना एकमेकांचे कागद दिसावेत. गरोदरपणातही हेच, तिथे तर तपासणी आणखी लवकर लवकर हवी.

बाकीचं शरीरही डोळ्यात डोकावतं. मूत्रपिंड अधू झालं, अंगात पाणी साचलं, रक्त कमी झालं की पडद्याची सूज हट्टी होते. फेनोफायब्रेटची गोष्ट आणखी अनपेक्षित आहे. रक्तातली चरबी उतरवणारी ही जुनी, स्वस्त गोळी. हृदयासाठी केलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत तिचा डोळ्याला फायदा जाता जाता नजरेस पडला. मग स्कॉटलंडमध्ये खास डोळ्यांसाठी चाचणी झाली आणि २०२४ मध्ये निकाल आला: सुरुवातीच्या टप्प्यातला आजार पुढे सरकण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी घटलं.

इंजेक्शनाखेरीज दुसरा उपचार म्हणजे लेसर. त्याचा जन्म सूर्यात आहे. १९४५ च्या जुलैत सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून ज्यांचे पडदे भाजले, असे लोक जर्मन नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांच्या पाहण्यात आले. भाजल्याचा व्रण पडद्याला घट्ट धरून ठेवतो, तर मग मुद्दाम, मोजून भाजलं तर? सुरुवातीला त्यांनी भिंगं-आरसे लावून चक्क सूर्याचाच उजेड पेशंटच्या डोळ्यात सोडला. पुढे झेनॉनचा दिवा आला, मग लेसर. १९७० च्या दशकात अमेरिकेत सतराशेंहून अधिक पेशंटांच्या एकाच डोळ्याला अशी प्रकाशचिकित्सा दिली आणि दुसरा तसाच ठेवला. शरीर एक, साखर एक, डोळे दोन. १९७६ पर्यंत उत्तर इतकं स्पष्ट झालं की दुसऱ्या डोळ्यालाही उपचार द्यायचं ठरलं. दृष्टी जवळपास पूर्ण जाण्याचा धोका निम्म्याहून खाली आला होता.

गंमत ही की लेसर पडद्याच्या कडेचा जिवंत भाग हजारो ठिपक्यांनी मारून टाकतो. विरळणी केल्यावर उरलेल्या रोपांना पाणी पुरतं, तसं उरलेल्या पडद्याला प्राणवायू पुरतो आणि नव्या वाहिन्यांची हाक थांबते. त्याची किंमत म्हणून रात्री कमी दिसतं, कडेची नजर थोडी जाते. प्रकाशग्राही पेशी अंधारात जास्त प्राणवायू खातात, म्हणून झोपताना मंद प्रकाशाचा मुखवटा घातला तर आजार रोखता येईल का, अशीही एक सुंदर कल्पना निघाली होती. ब्रिटनमध्ये ३०० हून अधिक पेशंटांवर दोन वर्षं चाचणी झाली. २०१८ चा निकाल नकारार्थी आला.

नव्या, नाजूक वाहिन्या उगवलेल्या पुढच्या टप्प्यातही इंजेक्शन लेसरइतकंच चालतं, आणि कडेची नजर जास्त राखतं, हे २०१५ मध्ये दिसलं. पण त्या चाचणीतले लोक ठरल्या तारखांना येत होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच डॉक्टरांनी उलटा प्रश्न विचारला: जे सहा महिन्यांहून जास्त काळ आलेच नाहीत, त्यांचं काय झालं? लेसर झालेल्यांचे डोळे बऱ्यापैकी सावरलेले होते. नुसत्या इंजेक्शनवर असलेल्यांत मात्र पडदा ओढला जाऊन सुटण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. औषध आठवड्यांत ओसरतं आणि हाक पुन्हा सुरू होते. लेसरचे व्रण कायमचे असतात.

२०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. चाचण्यांत पहिल्या वर्षी नऊ-दहा इंजेक्शनं होतात. डोळ्यात थेंब टाकल्यावर एकट्याने परत जाता येत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला घरातल्या आणखी एकाची मजुरी बुडते. पेरणीच्या दिवसांत, मुलीच्या बाळंतपणात, एसटी बंद असताना तारीख हुकते. चांगले पडदातज्ज्ञ म्हणून ओसीटी बघून झालं की संगणकावरून मान वळवून विचारतात: काका, गाव कुठलं, यायला किती वेळ लागतो, बरोबर कोण येणार? पुढच्या सहा महिन्यांत येणं जमणार नाही असं उत्तर असेल, तर ते आधी लेसर करतात, आणि इंजेक्शन त्याच्या जोडीला देतात.